न मोजलेली झाडं

"...पण मग दोरा खोटा आहे का, बाबा? तेवढंच सांगा. दोरा खोटा, की डोळे खोटे?"

हिरामणला धाप लागली होती. तो उतारावरून धावत वर आला होता. त्याच्या मुठीत दोऱ्यांचा गुंता होता.

चिंधूबाबा मढीसमोर बसून कडुलिंबाच्या काडीने दात घासत होते. त्यांनी काडी तोंडातून काढली.

"बस," ते म्हणाले.

"बसायला वेळ नाही बाबा. खाली सात गावं ताटकळली आहेत."

"मग उभा राहा."

आणि त्यांनी काडी पुन्हा तोंडात घातली.

वैशाखी पौर्णिमेची सकाळ होती.

चोवीस वर्षांपूर्वी, एका पावसाळ्याच्या तोंडाशी, बाबांनी सात गावांना निरोप धाडला होता. आपापल्या जंगलातलं सागाचं बी घेऊन या, एवढाच. माणसं आली. या उतारावर सात गावांच्या सात ओळी लागल्या. माती एक, ऊन एक, पाणी एक. प्रत्येक ओळीत चाळीस झाडं, पाच पाच हातांवर.

झाडं मोठी झाली तशी एक रीत पडली. दर वैशाखी पौर्णिमेला गावं आपली ओळ बघायला येत. बाबांचा शिष्य प्रत्येक ओळीतली पाच झाडं निवडी. झाडाला छातीइतक्या उंचीवर दोरा गुंडाळी, टोक जुळलं की तोडी, आणि पाचही तुकडे एकमेकांना बांधी. ज्या गावाचा दोरा सगळ्यांत लांब, त्याचा ढोल वाजे. ज्याचा सगळ्यांत आखूड, ते गाव पंगतीत वाढायला उभं राही. त्या साली कुणी बी मागायला आलं, तर लांब दोऱ्याच्या ओळीचंच बी मिळे.

लांब दोरा नेहमी आंबेझरीचा असे. आंबेझरी नदीकाठचं गाव. त्याच्या ओळीला चैत्र सरायच्या आत पानं फुटत.

आखूड दोरा नेहमी मांडव्याचा. मांडवा दगडातलं गाव, तिथे पाऊस उशिरा पोचतो. त्याची ओळ वैशाख लागला तरी खराट्यासारखी उभी असे.

हिरामण मांडव्याचा होता. बाबांपाशी येऊन त्याला सहा वर्षं झाली होती. सहा वर्षं त्याने आपल्या गावाचा आखूड दोरा आपल्याच हाताने उंच धरून सगळ्यांना दाखवला होता. गेल्या साली तर त्याने बाबांना विचारलं होतं, ही ओळ तोडून टाकू का?

बाबा म्हणाले होते, "बघू."

यंदा मात्र वेगळंच घडलं.

आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुपारी गारा पडल्या. लिंबाएवढ्या. सहा ओळी पानावर आल्या होत्या, त्या झोडपून निघाल्या. पानांच्या चाळण्या झाल्या, शेंडे मोडले. मांडव्याच्या ओळीवर पानच नव्हतं. गारा आल्या, काड्यांवर आपटल्या, गेल्या. आज बाराव्या दिवशी ती ओळ तांबूस कोवळ्या पानांनी भरून गेली होती. बाकीचा उतार पोतेऱ्यासारखा दिसत होता.

सागाचं कोवळं पान तळव्यावर चोळलं की लाल रंग सुटतो. मांडव्याच्या बायकापोरांनी सकाळीच पानं चोळून एकमेकांची तोंडं रंगवली होती. गुलाल उधळल्यासारखी सगळी लाल होऊन नाचत होती.

आणि दोरा? दोरा पुन्हा आंबेझरीचाच लांब भरला होता. गारांनी पानं जातात, बुंधा बारीक होत नाही.

"बोला ना बाबा," हिरामण म्हणाला. "या वर्षी तरी दोरा बाजूला ठेवा. समोर दिसतंय ते बघा."

"दोऱ्याची रीत कुणी घातली?"

"तुम्हीच."

"हो," बाबा म्हणाले. "तेव्हा मला फार कळायचं."

एवढ्यात मागून तीन माणसं वर आली. पुढे आंबेझरीचे बळीराम पाटील, त्यांच्या मागे मांडव्याची गिरजामाय. गिरजामायचं तोंड कपाळापासून हनुवटीपर्यंत लाल होतं. सगळ्यांत मागे सात गावांबाहेरच्या कारंजखेडची सरूबाई, डोक्यावर रिकामी पोती.

"काय ठरलं जी?" पाटील म्हणाले. "दोरा लांब आमचा. ढोल आमचा. बी आमचं. पानाचं काय, पान आज जाते, उद्या येते."

"येईन ना!" गिरजामाय म्हणाली. "तवरक तुह्या झाडाच्या डोक्याले पागोटं बांध, पाटला. पार बोडखं झालं बिचारं."

"पंधरा वर्षं वाढायला उभी राहतेस, तरी तोंड चालतेच तुहं."

"पंधरा वर्षं वाढलं म्हणून तं चालते. आज मी बसतो, तू वाढ. आन् पोळी गरम आन."

पाटलांनाही हसू आलं. सरूबाई मात्र हसली नाही. तिने पोती खाली ठेवली.

"बाबा," ती म्हणाली, "मले ढोलाचं काही नाही. मले बी पाहिजे."

"कशासाठी, सांग याला." बाबांनी हिरामणकडे बोट केलं.

"आमच्या गावावरचा डोंगर वणव्यात गेला. त्याच्या पोटातला झरा आटला. आम्ही दोनदा साग लावला. दोन्ही वेळा बी इथूनच नेलं, लांब दोऱ्याचं. पहिली खेप चार वर्षांमागं गारांनी गेली. दुसरी अळीनं खाल्ली. सारी झाडं एकाच आठवड्यात पानावर आली, अळीले पंगतच भेटली." ती थांबली. "यंदा बायकांनी उन्हात चार हजार खड्डे खणले. पहिला पाऊस पडला का बी टाकायचं. आता गेलं तं चौथ्यांदा कोणी कुदळ धरणार नाही. मीच त्याईले घरातून काढून आणलं व्हतं. मले गावात तोंड दाखवाले जागा नाही राहणार."



बाबा काठी टेकत उठले.

"बी कुठलं द्यायचं, ते हिरामण सांगेल," ते म्हणाले. "आज त्याचा शब्द."

हिरामणने मान वर केली. या दिवसाची वाट त्याने सहा वर्षं पाहिली होती, आणि तो असा येईल हे त्याला ठाऊक नव्हतं.

"मांडव्याचं," तो म्हणाला. "फक्त मांडव्याचं. दुसरा एक दाणा नको."

गिरजामायने दोन्ही हात वर करून आरोळी दिली. खालून मांडव्याच्या लोकांनी तिला साथ दिली.

"पक्कं?" सरूबाईने विचारलं.

"पक्कं."

"लेकरा, तुह्या शब्दावर चार हजार खड्डे भरतो आहे मी."

"भर मावशी. बिनघोर भर."

सरूबाईने पोती उचलली.

"चल," बाबा हिरामणला म्हणाले. "तुझी ओळ दाखव मला. डोळ्यांनी हल्ली कमी दिसतं."

त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सगळे उतारावरून खाली आले. ओळींच्या तोंडाशी सात गावांची माणसं सावली शोधत बसली होती. सावली फक्त मांडव्याच्या ओळीखाली होती आणि तिथे मांडव्याची माणसं पाय पसरून बसली होती. दुसऱ्या गावचा कुणी आला की म्हणत होती, "या ना पाव्हणे, आमच्या सावलीत या."

हिरामण बाबांना घेऊन ओळीत शिरला. बाबा प्रत्येक बुंध्याला हात लावत होते. वर बघत होते.

पहिलं झाड. भरगच्च, तांबूस.

दुसरं. तसंच.

तिसरं, चौथं, पाचवं...

अकराव्या झाडापाशी हिरामणने पाऊल लांब टाकलं. बाबांचा हात खांद्यावरून निसटला. ते तिथेच उभे राहिले.

"हे?"

"ते राहू द्या बाबा. पुढचं बघा, पुढचं फार सुरेख आलंय."

"याची पानं फाटली आहेत."

"हो."

"गारांनी?"

"...हो."

"मांडव्याच्या झाडाला गारा लागल्या?"

हिरामण जमिनीकडे बघू लागला.

"हे झाड असंच आहे. दर साली आधीच फुटतं. आंबेझरीच्या बरोबरीने."

"किती वर्षं?"

"मी बघतो तेव्हापासून."

"दोरा लावलास याला कधी?"

"नाही."

"काहून?"

"हे आमच्या ओळीसारखं वागत नाही, बाबा. याला मोजलं तर ओळीचा अंदाज चुकतो. म्हणून मी सोडतो."

"लाव," बाबा म्हणाले.

हिरामणने दोरा काढला. बुंध्याला गुंडाळला. टोकं जुळली तिथे तोडला. त्याने तो तुकडा मांडव्याच्या सकाळच्या तुकड्यांशेजारी धरला.

तो त्यांच्यापेक्षा वीतभर लांब होता.

गिरजामाय पुढे वाकली. तिने तुकडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"हे आमच्याच ओळीतलं?"

"हो काकू."

"आमच्या गावच्या बियाचं?"

"हो."

"मंग सहा वर्षं तू यालेच काहून नाही मोजलं रे मुडद्या! एवढं जाडजूड झाड घरात, आन् मी पंगतीत वरण वाढत फिरतो!"

सगळीकडे हशा पिकला. पाटील तर पोट धरून खाली बसले.

"असू दे, असू दे," ते डोळे पुसत म्हणाले. "म्हणजे तुमच्यात जे जाड निघालं तेही आमच्यासारखं वागलं म्हणूनच ना? जिंकलो तं आम्हीच."

बाबा मांडव्याच्या ओळीतून बाहेर पडले, आणि आंबेझरीच्या ओळीत शिरले. हिरामण मागोमाग गेला. पाटीलही उठून आले, त्यांच्यामागे गिरजामाय आणि सरूबाईही.

इथे जमीन फाटक्या पानांनी झाकली होती. वर उघडं आभाळ दिसत होतं. बाबा एक एक बुंधा चाचपत चालले. सतराव्या झाडाखाली त्यांच्या तोंडावर सावली पडली.

ते थांबले.

झाड बारीक होतं. पण त्याचं एकही पान फाटलेलं नव्हतं. कोवळी, तांबूस, तळहाताएवढी पानं. मांडव्याच्या झाडांवर होती तशीच.

"आणि हे?" बाबांनी विचारलं.

हिरामणचा आवाज खाली गेला.

"हे आळशी आहे. उशिरा फुटतं. बुंधाही भरत नाही."

"म्हणून मोजत नाहीस."

"...नाही."

पाटील झाडाभोवती फिरले. त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं.

"हे आमचं नाही जी," ते म्हणाले. "पाखरानं टाकलं असेल बी."

"पाखरं पाच हात मोजून बी टाकतात का रे, पाटील?" बाबा म्हणाले.

पाटलांनी मागचं झाड पाहिलं. पुढचं झाड पाहिलं. अंतर सारखंच होतं.

बाबांनी त्या बारीक झाडाचं एक कोवळं पान खुडलं.

"उजवा हात."

हिरामणने उजवा हात पुढे केला. बाबांनी पान तळव्यावर ठेवलं. मग ते परत मांडव्याच्या ओळीकडे गेले, तिथलंही एक पान खुडून आणलं.

"डावा."

हिरामणने डावा पुढे केला.

"चोळ."

त्याने दोन्ही मुठी आवळून पानं चुरगळली. मुठी उघडल्या. पाटील, गिरजामाय, सरूबाई, तिघंही वाकून बघत होते.

दोन्ही तळवे लाल होते.

"मांडवा कोणता?" बाबांनी विचारलं.

हिरामण आपल्या हातांकडे बघत राहिला. उजव्याकडे. डाव्याकडे. पुन्हा उजव्याकडे.

वारा आला, फाटकी पानं पायांपाशी सरकली...

मग तो वळला आणि पहिल्या ओळीच्या टोकाला गेला.

तिथून तो एकटाच निघाला. प्रत्येक ओळीत, प्रत्येक झाडाखाली. चाळीस आणि चाळीस. ज्या झाडांकडे त्याने सहा वर्षं पाठ केली होती, त्यांच्यासमोर तो थांबे, वर बघे, आणि बुंध्याला एक दोरा बांधून पुढे जाई. आज तो दोरा तोडत नव्हता. नुसता बांधत होता.

लोक आधी हसले. मग बघत राहिले. मग काहीजण त्याच्या मागे चालू लागले.

कोसबीच्या ओळीत तीन झाडं निघाली. सिंगारवाडीच्या ओळीत चार. एका ओळीत तर सात निघाली; काही आधी फुटणारी, काही उशिरा, एक तर असं की अजून पानाचा डोळाही फुगला नव्हता. त्या झाडाला हात लावून त्या गावचा म्हातारा म्हणाला, "मी याले मेलं समजत होतो." त्याने नखाने साल खरवडली. आत हिरवं होतं. म्हातारा एकदम ओरडला, "जितं हाय! अरे, जितं हाय!" आणि त्याच्या गावाने उगाचच टाळ्या वाजवल्या.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा हिरामण शेवटच्या ओळीतून बाहेर आला. एकतीस झाडांना दोरे बांधलेले होते.

सरूबाई पोत्यांवर बसली होती. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"मावशी, मी चुकीचं सांगितलं."

"आता?"

"मांडव्याचं एकट्याचं बी नेऊ नको. दोन वेळा तू एकाच ओळीचं नेलंस, सगळी झाडं एकाच दिवशी जागी झाली आणि एकाच दिवशी गेली. तिसऱ्या वेळी मी तुला तेच करायला लावत होतो. फक्त गाव बदलून."

"मंग कोणतं नेऊ?"

"मढीत सात ओळींची सात मडकी आहेत. सातही ने."

"जाऊ मग आणाले?"

"थांब. तेवढ्याने होणार नाही." हिरामणने दोरे बांधलेल्या झाडांकडे बोट केलं. "मडक्यांत बी आहे ते आपापल्या ओळीसारखं वागणाऱ्या झाडांचं. मी फक्त त्यांचंच वेचत आलो. या एकतीस झाडांचं बी मी कधी उचललं नाही. ते त्यांच्याखालीच पडून आहे. पाचोळ्यात."

सरूबाईने त्याच्याकडे पाहिलं. मग तिने पदर खोचला. एक पोतं उचललं, सर्वांत जवळच्या दोरा बांधलेल्या झाडाखाली गेली, आणि गुडघ्यांवर बसून पाचोळा बाजूला सारू लागली.

हिरामण तिच्यासमोर बसला.

पण गिरजामाय आडवी आली.

"थांब रे. आमच्या ढोलाचं काय?"

"काकू..."

"काकू नाही आन् फाकू नाही. पंधरा वर्षं हा ढोल गाडीत बांधून आणतो आन् न वाजवता घेऊन जातो. चामडं सडलं त्याचं, दोनदा नवं चढवलं. आज पहिल्यांदा आमची ओळ हिरवी हाय आन् सारा उतार काळा हाय. आन् तू आमचं बी यांच्यात कालवतो?" ती त्याच्याकडे वाकली. "तू आमच्या गावचा ना रे?"

हिरामण उठला. त्याने बाबांकडे पाहिलं. बाबा एका झाडाला टेकून डोळे मिटून उभे होते.

त्याने आपले दोन्ही तळवे तिच्यासमोर धरले.

"मीपण ओळखू शकलो नाही, काकू. तू ओळख. यातला आपला कोणता?"

गिरजामायने त्याचे हात धरले. वास घेतला. अंगठ्याने रंग पुसून पाहिला. पुसला जाईना.



"कालव," ती शेवटी म्हणाली. "पण आधी आमचा ढोल वाजंल. मंग कालव."

"आधी तुमचाच," पाटील मागून म्हणाले. "आन् मी वाढतो. पोळी गरम आणतो."

"तूप?"

"तूपही आणतो, माय. आता वाजव एकदाचा."

ढोल वाजला.

पंधरा वर्षांचा ढोल तो. पहिल्या थापेलाच बसलेली माणसं उठून उभी राहिली. मांडव्याची पोरं, बाया, म्हातारे, सगळे लाल तोंडांनी आपल्या ओळीभोवती फेर धरू लागले. गिरजामाय सगळ्यांत पुढे. एक फेर झाला, दुसरा झाला. तिसऱ्या फेरीत ढोल ओळीबाहेर पडला, आंबेझरीच्या ओळीत शिरला आणि त्या बारीक सतराव्या झाडाभोवती फिरू लागला. तेव्हा आंबेझरीच्या लोकांनी आपला ढोल काढला. मग कोसबीने काढला. मग राहिलेल्या गावांना राहवेना.

सात ढोल एकाच वेळी त्या उतारावर कधी वाजले नव्हते.

आणि ढोलांच्या आवाजात माणसं गुडघ्यांवर बसली. एकतीस झाडांखाली सात गावं पाचोळा उपसू लागली. बोराएवढं, फुगीर सालाचं सागाचं बी. वर्षांनुवर्षं कुणी हात न लावलेलं. जुनं, सडलेलं फेकत होते; यंदाचं, टणक, पदरात घेत होते. पाटलांनी आपल्या उपरण्याची झोळी केली. सिंगारवाडीच्या दोघी मांडव्याच्या अकराव्या झाडाखाली वेचत होत्या, आणि त्यांच्या शेजारी गिरजामाय त्यांना बजावत होती, "नीट बघा गं. त्या झाडाचा एक दाणा सोडू नका. त्याचा मान राहिला हाय."

ऊन कलायला लागलं तेव्हा मढीसमोर एक मोठी सतरंजी अंथरली गेली. हिरामणने सात मडकी एक एक करून तिच्यावर रिकामी केली. मग पदर, उपरणी, टोपल्या त्यावर रित्या झाल्या. मधोमध कमरेइतका ढीग उभा राहिला.

हिरामण त्या ढिगात दोन्ही हात कोपरापर्यंत घालून बी खालवर करू लागला. सगळी गावं भोवती उभी होती.

"आता कोणतं कोणत्या गावचं, कसं कळायचं रे?" कुणीतरी विचारलं.

"नाही कळायचं," हिरामण म्हणाला, आणि मोठ्याने हसला. सहा वर्षांत त्याला असं हसताना कुणी पाहिलं नव्हतं.

पोती भरली. तोंडं शिवली. चार गावांच्या बैलगाड्या कारंजखेडच्या वाटेने जोडायच्या ठरल्या, खड्डे भरायला चारही गावांची माणसं यायची ठरली. ढोल पुढे निघाले.

सरूबाई सर्वांत शेवटी राहिली. ती बाबांच्या पाया पडली, उठली, आणि घुटमळली.

"बाबा, एक विचारू?"

बाबांनी मान हलवली.

"पुढल्या साली गारा चैतात पडल्या तं? का जेठात पडल्या तं? का पाऊसच महिनाभर थांबला... आन् वरून अळी आली तं?"

खाली गाड्या हलल्या होत्या. ढोलांचा आवाज दरीत घुमत होता. चिंधूबाबांनी एकदा आभाळाकडे पाहिलं.

"येऊ दे," ते म्हणाले.